गावच्या घरी घेतलेलं फायबर वायफाय, दीड वर्षानंतर: शेतीसाठी खरंच कामाला आलं का?

कंपनीचं नाव लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण कोकणात कुठल्या वाडीत कुणाची लाईन पोचणार ते रस्त्यावरच्या पोलावर ठरतं, आपल्या आवडीनिवडीवर नाही, आमच्याकडे एकच आली ती घेतली. त्यामुळे हा रिव्ह्यू अमुक कंपनी चांगली की वाईट असा नाहीच. गावच्या घरात कनेक्शन घ्यावं का, घेतलं तर शेती करणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग होतो, कशाने होत नाही, आणि आम्ही काय काय चुका केल्या ते सगळं लिहितेय. मुंबईत बसून गावच्या घरासाठी असा निर्णय घेणारे माझ्यासारखे खूप जण आहेत, त्यांना कामाला येईल म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आम्ही भांडुपला राहतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. गावी सासूबाई, धाकटे भाऊजी, जाऊ आणि त्यांची मुलगी आठवीत. ३५ हापूसची कलमं, शंभरेक काजू, १८ गुंठे भात, वरच्या अंगाला थोडी नाचणी. मोबाईलला रेंज पाहिजे तर घरामागून चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर जायचं, तिथेही एका ठराविक दगडाजवळच. कोविडमध्ये पोरीने त्या सड्यावर छत्री धरून शाळा केलीय, ते मी विसरू शकत नाही. त्यामुळे खालच्या रस्त्याला फायबर आलंय कळल्याबरोबर घ्यायचंच ठरवलं.

प्लॅन महिना ४९९ चा, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये, बसवायचे १५०० वेगळे. एका शेतकरी घराला दर महिन्याला ५८९ जास्तच होतात, काजूची बी विकून वर्षभर पुरवायचे पैसे असतात ते. म्हणून आम्ही हा विषय वाडीच्या मुंबई मंडळात घेतला. डिलाईल रोडला चाळीत आमच्या गावची खोली अजून आहे, गिरणीत कामाला आलेले आजे-पणजे तिथेच राहायचे, पत्रं आणि मनीऑर्डरी तिथूनच गावी जायच्या. त्या खोलीत दोन तास चर्चा झाली. एका काकांनी सरळ विचारलं, "कनेक्शन तुमच्या घरात, पोरं त्याच्यावर रिल्स बघणार, आम्ही कशाला पैसे द्यायचे?" प्रश्न अगदी बरोबर होता. शेवटी ठरलं असं की २० चाकरमानी घरांनी महिन्याला ३०-३० रुपये काढायचे, पासवर्ड वाडीतल्या प्रत्येक घराला द्यायचा, आणि संध्याकाळी ७ ते ९ आमची ओटी सगळ्यांना उघडी. भाऊजींनी तिथल्या तिथे फोनवर हो म्हटलं, आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या चहा मात्र ज्याने त्याने घरून पिऊन यायचा.

आता मशीनचं सांगते कारण इथेच पहिली चूक झाली. बसवायला आलेल्या माणसाने राऊटर माजघरात टीव्हीशेजारी ठोकला, वायर तिथपर्यंतच पुरली म्हणे. आमचं घर जुन्या चिऱ्याचं आहे, भिंत हातभर जाड, आणि जांभ्याच्या भिंतीतून वायफाय जवळजवळ जातच नाही हे आम्हाला कुठे माहीत होतं. माजघरात ३०-३२ चा स्पीड आणि ओटीवर एक कांडी. पहिले तीन महिने वाडीतलं कुणी फिरकलंच नाही, कारण लोकांच्या माजघरात जाऊन कोण बसणार, त्यातून बाया तर नाहीच. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने आणि भाऊजींनी मिळून वायर वाढवून घेतली आणि राऊटर ओटीच्या खिडकीत वर फळीवर ठेवला. दोन नावं दिसतात ना वायफायची, त्यातलं ५ गिगाहर्ट्झवालं बंदच केलं, २.४ वालं ठेवलं, ते स्पीडला कमी असतं पण लांबपर्यंत जातं. आता ओटी, खळं, आणि खळ्याच्या कडेला फणसाच्या झाडाखाली बसलं तरी लागतं. खरं सांगते, या दीड वर्षात सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर तो राऊटर पंधरा फूट बाहेर आणल्याने पडला. त्या आधी ते आमच्या घरचं कनेक्शन होतं, नंतर वाडीचं झालं.

दुसरी गोष्ट लाईट. गावी लाईट गेली की राऊटर बंद, आणि पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते. त्याला मिनी यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा, मोठ्या पुस्तकाएवढा डबा असतो, राऊटर तीन-चार तास चालवतो. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १४०० ला घेतला आणि तुतारी एक्सप्रेसने गावी पाठवला. घेताना तुमच्या राऊटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय त्याचा फोटो मागवून घ्या, दुकानदार तेच विचारतो. आणि विजा चमकायला लागल्या की प्लग भिंतीतून काढायचाच, फायबरच्या काचेतून करंट येत नाही पण लाईटच्या वायरीतून येतो. भाऊजींच्या फोनमध्ये दामिनी ॲप टाकून दिलंय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय ते, आपण जिथे उभे आहोत त्याच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. प्लग काढायला तर ते उपयोगी आहेच, पण त्याहून जास्त शेतात लावणीला वाकलेल्या बायांना वेळेत घरी बोलवायला आहे. आमच्या कोकणात जूनच्या सुरुवातीला आणि परत ऑक्टोबरमध्ये विजा फार, आणि नेमकी तेव्हाच माणसं उघड्यावर असतात.

कंपनीच्या सेवेबद्दल माझी तक्रार आहे ती लिहितेच. गेल्या जुलैत झाड पडून वायर तुटली, राऊटरवरचा एलओएस म्हणतात तो लाल दिवा लागला तो ११ दिवस तसाच. कस्टमर केअरला भांडुपवरून मीच फोन करत होते, गावी रेंज नाही आणि तिकडून बोलतात हिंदीत, आई कशा बोलणार. दोनदा कुणी न येताच तक्रार मिटली असा मेसेज आला, मी परत उघडायला लावली. शेवटी भाऊजींनी लाईनमनचा नंबर मिळवला आणि वाडीतल्या दोन पोरांनी पडलेली फांदी तोडून रस्ता मोकळा करून दिला तेव्हा काम झालं. त्या ११ दिवसांपैकी ६ दिवसांचे पैसे बिलातून कमी केले, तेही मी दोन मेल केल्यावर. ऐन लावणीत हे झालं, म्हणून राग जास्त आहे.

आता मुद्द्याचं, शेतीचं.

पहिले काही महिने शेतीसाठी काहीच वापर झाला नाही हे मान्य करते. लोकांना वाटतं इंटरनेट आलं की माहिती आली. तसं होत नाही. सर्च करायला आधी काय शोधायचं त्याचं नाव माहीत पाहिजे, आणि झाडाला काय झालंय ते कळत नाही म्हणून तर माणूस शोधत असतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वेंगुर्ला ४ जातीच्या एका काजूच्या झाडाची पानं पिवळी पडायला लागली. १२ वर्षांचं झाड, चांगलं देणारं. वाडीत एकाने सांगितलं खत कमी पडलंय, दुसऱ्याने सांगितलं मुळाला पाणी लागलंय, भाऊजींनी खत घातलं, काही नाही, एक फांदी वाळली. मग त्यांनी फोटो काढून मला पाठवला, मी तो आमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञ सरांना व्हॉट्सॲप केला, त्यांचा नंबर भाऊजींना एका शिबिरात मिळाला होता. फोटो कसा, तर वीस पावलांवरून काढलेला, अख्खं झाड, मागे आकाश, झाड काळं दिसतंय. सरांचं उत्तर आलं, "यावरून काही सांगता येणार नाही. बुंध्याशी बसा, जमिनीपासून एक मीटरपर्यंत साल नीट बघा, बारीक भोकं आणि भुसा दिसतोय का. तिथला फोटो पाठवा."

भाऊजी गेले, बुंध्याशी पाला साचला होता तो हाताने बाजूला केला, आणि व्हिडिओ कॉल लावला, शेत घराला लागूनच आहे म्हणून रेंज पोचली. मी लोकलमध्ये होते, मुलुंडच्या आसपास. फोन त्यांनी खोडाला अगदी टेकवला होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला तीन-चार भोकं, करंगळीपेक्षा बारीक, त्यातून डिंक आलेला आणि त्या डिंकात चिकटलेला भुसा, कुणीतरी लाकूड चावून चोथा थुंकावा तसा. साधारण दहा सेकंद आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "वहिनी, हा इथे कधीपासून असेल, मी रोज इथून जातो."

तो रोठा होता. खोड आणि मूळ पोखरणारी अळी, काजूचा सगळ्यात वाईट शत्रू, बाहेरून पानं पिवळी पडेपर्यंत ती आत बरंच खाऊन बसलेली असते. सरांनी जे सांगितलं ते सगळं फोनवर ऐकत ऐकत केलं: सुताराची १५ मिलिमीटरची पटाशी घ्यायची, भोकाच्या मागे मागे साल उचलत जायचं, अळीने केलेली नागमोडी वाट सापडते, तिच्या टोकाला अळी असते. दोन निघाल्या, पांढुरक्या, बोटाएवढ्या. त्या मारल्या, जखम साफ केली, सांगितलेलं औषध सांगितलेल्या मापात तिथे घातलं. औषधाचं नाव आणि प्रमाण इथे मुद्दाम लिहीत नाही, ते तुमच्या भागातल्या केंद्रातूनच घ्या, बाटलीवरचं लेबल वाचा, हातमोजे घाला. आणि सरांनी वर असंही सांगितलं की जे झाड रोठ्याने पूर्ण मेलंय ते बागेत उभं ठेवू नका, त्याच्यातूनच दुसऱ्या झाडांवर जातो. आमच्या शेजारच्या बागेत अशी दोन मेलेली झाडं सरपणासाठी म्हणून दोन वर्षं उभी होती!

त्या संध्याकाळी ओटीवर १४ माणसं जमली. भाऊजींनी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला, भोकाजवळ थांबवला, सगळे उठून टीव्हीजवळ जाऊन बघत होते. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या प्रत्येकाने आपापल्या काजूच्या बुंध्याशी बसून पाला बाजूला केला. नऊ झाडं सापडली. त्यातली तीन हाताबाहेर गेली होती, सहा वाचवायच्या मागे लागले. मला यातलं शेतीचं काही येत नव्हतं, आजही फार येत नाही, पण नऊ झाडं एका संध्याकाळच्या व्हिडिओने सापडली हे मी स्वतः बघितलं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये फोटोची पद्धत ठरून गेलीय. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक फांदीचा, एक दोन बोटांच्या अंतरावरून आणि शेजारी काडीपेटी ठेवून म्हणजे आकार कळतो, पान असेल तर उलटं करून खालचाही. सकाळच्या उजेडात. आणि खाली लिहायचं किंवा बोलून पाठवायचं: जात कुठली, वय किती, कधीपासून, आतापर्यंत काय मारलं. हे शेवटचं लोक लपवतात, लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय समोरचा माणूस काय सल्ला देणार.

याच्या उलट काय झालं तेही सांगते. जानेवारीत मोहोर आला असताना एका व्हिडिओत बघून, चॅनलचं नाव घेत नाही, एका मुलाने घरगुती वस्तू मिसळून केलेला काढा फुललेल्या मोहोरावर मारला. व्हिडिओ करणारा आंब्याचा माणूसच नव्हता, दुसऱ्याच भागातला, त्याच्याकडचं पीक वेगळं, माती वेगळी, हवा कोरडी. दोन कलमांचा मोहोर काळा पडून गळाला. दोनच कलमांवर करून बघितलं म्हणून वाचला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याच्या फवारण्यांचं वेळापत्रक आहे, पहिली पोपटी पालवीवर, दुसरी बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना, असं पुढे ठराविक अंतराने, तुडतुडे ही कीड आणि भुरी, करपा हे रोग यांचा विचार करून, आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये असं त्यात स्पष्ट असतं, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि मग फळच धरत नाही. हे मराठीत आहे, फुकट आहे, मोबाईलवर उघडतं. पण त्याला व्हिडिओसारखी चित्रं आणि गाणं नाही, म्हणून पोरं ते बघत नाहीत. आता भाऊजींनी त्याची प्रिंट काढून ओटीच्या खांबाला चिकटवलीय. रक्षक सापळाही तिथूनच कळला, फळमाशीसाठी, आत मिथिल युजेनॉल असतं त्याला नर माश्या येतात, हेक्टरी ४ लावायचे. फळमाशी ज्याने एकदा भोगलीय त्याला कळेल मी का एवढं सांगतेय, वरून पेटी सोन्यासारखी आणि कापला की आत अळ्या.

मेघदूत ॲपबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. २०१९ ला आलं, हवामान खातं, आयआयटीएम आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं. मंगळवार आणि शुक्रवार जिल्ह्याचा सल्ला येतो, मराठीत, पिकाप्रमाणे, पुढच्या पाच दिवसांचा पाऊस धरून. गेल्या ऑक्टोबरमध्ये शुक्रवारचा सल्ला आला की रविवारपासून पाऊस, तयार भात कापून सुरक्षित ठेवा. आईंनी तो जावेच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि मग जावेला म्हणाल्या, उद्या सगळ्यांना बोलव. शनिवारी आमच्या आणि शेजारच्या तीन घरांचं भात एकत्र कापलं, पडवीत आणि ओटीवर पेंढ्यांची रास, राऊटरची फळी तेवढी दिसत होती. रविवारी दुपारी पाऊस आला. सल्ला जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो, तुमच्या शेतावरच्या ढगाचा नसतो, हे धरूनच वापरायचं, पण सड्यावर जाऊन आकाश बघण्याला याची जोड मिळाली की निर्णय लवकर होतो.

भाताचंच अजून एक. चारसूत्री पद्धत आमच्याकडे ऐकून सगळ्यांना माहीत होती, करत कुणी नव्हतं, कारण दोरीवर लावणी म्हणजे वेळ जातो असं डोक्यात बसलेलं. २५-१५-२५-१५ सेंटीमीटर अंतरावर चुडं, म्हणजे रोपांच्या लहान जुड्या, लावायची, आणि जिथे चार चुडांचा लहान चौकोन होतो त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, २.७ ग्रॅमची, ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची, लावणीच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. खत वरून फेकलं की आमच्याकडच्या पावसात अर्धं वाहून जातं, गोळी चिखलात खोल राहते आणि मुळं तिच्यापर्यंत येतात. भाऊजींनी जूनमध्ये रायगडच्या एका शेतकऱ्याचा व्हिडिओ ओटीवर लावला, आणि इथे एक लक्षात घेण्यासारखं झालं. व्हिडिओतल्या बाया आमच्यासारखंच लुगडं खोचून, डोक्यावर इरलं घेऊन लावणी करत होत्या, बोलणं आमच्यासारखं. आमच्या बायांनी मधेच थांबवायला लावलं, "ती दोरी कशी धरतेय ती परत दाखव." चार वेळा परत दाखवलं. बंगळुरूला २००६ मध्ये डिजिटल ग्रीन म्हणून काम सुरू झालं होतं त्यांनीही हेच धरलं होतं, त्याच भागातल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ करायचे, गावात एकत्र दाखवायचे, आणि दाखवणाऱ्याने मधेमधे थांबवून बोलायचं. एकट्याने मोबाईलवर बघितलं तर माणूस पुढे ढकलत जातो. आमच्याकडे यंदा सहा घरांनी थोड्या थोड्या जागेत चारसूत्री केली, आम्ही ५ गुंठे.

आणि त्याच वेळी वायर तुटली, ते ११ दिवस. गोळी खोचायची किती खोल आणि आधी पाणी काढायचं का, एवढाच प्रश्न अडला होता आणि नेट बंद. आई सड्यावर गेल्या, त्या दगडाजवळ, साध्या बटणाच्या फोनवरून १८००-१८०-१५५१ लावला. किसान कॉल सेंटर, २००४ पासून आहे, सकाळी ६ ते रात्री १०, सगळे दिवस, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलतात. आईंना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणी फोनवर "ताई, तुमचं पीक कुठलं, गाव कुठलं" असं विचारलं. उत्तर घेऊन आल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. मला रात्री फोन केला तेव्हा म्हणाल्या, "अगं तो पोरगा किती शांतपणे बोलला, मी तीनदा विचारलं तरी चिडला नाही." म्हणून सांगते, ज्यांच्या गावात अजून फायबर नाही त्यांनी थांबून राहू नका, हा नंबर आजच आईवडलांच्या फोनमध्ये टाका, ग्राहक सेवा वगैरे नाव देऊन नको, "शेतीचा डॉक्टर" असं काहीतरी त्यांना सापडेल असं नाव द्या.

एक गोष्ट मला अलीकडेच कळली आणि फार बरं वाटलं. आमच्या भांडुपपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत, २००३ मध्ये ॲक्वा नावाची सोय बनवली होती, शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, पिकाचा फोटो जोडायचा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तर द्यायचे, आणि ती उत्तरं सगळ्यांना वाचायला तिथेच राहायची. तेव्हा ना स्मार्टफोन ना व्हॉट्सॲप. कोल्हापूर-सांगलीकडे वारणेला तर १९९८ मध्येच ७० गावांत ऊसवाल्यांसाठी कॉम्प्युटर जोडले होते. म्हणजे आम्ही ओटीवर जे करतोय ते करायचं डोकं आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपासून आहे. फरक एवढाच की व्हॉट्सॲपवर उत्तर वर सरकून जातं. मार्चमध्ये रोठ्यावर दिलेलं उत्तर सप्टेंबरमध्ये कुणाला सापडत नाही आणि तोच प्रश्न परत. म्हणून जावेच्या मुलीने एक २०० पानी वही केलीय, प्रत्येक प्रश्न, उत्तर, तारीख, कुणाच्या शेतात, पुढे काय झालं. आत्तापर्यंत ६१ प्रश्न झालेत. ती वही राऊटरच्या शेजारीच फळीवर असते. मला विचाराल तर या सगळ्या खर्चातली सगळ्यात किमती वस्तू ती वही आहे, आणि तिची किंमत ८० रुपये.

बाजारभावाचा उपयोग मी समजत होते त्यापेक्षा कमी झाला. वाशीला पेटी किती गेली ते पणन मंडळाच्या साईटवर रोज दिसतं, पण आमच्यासारखा दहा-वीस पेट्यावाला भाव बघून आंबा थांबवू शकत नाही, तयार झाला की काढावाच लागतो. एवढं झालं की दलालाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवली तर त्या दिवशीचा दर काय होता ते भाऊजी बघून ठेवतात आणि फोनवर बोलताना आवाज जरा वेगळा असतो. आणि मुंबईतल्या २० घरांनी यंदा ४६ पेट्या थेट गावातून मागवल्या, ते मात्र ग्रुपमुळेच.

ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर आपल्या पिकाची नोंद, घरच्या घरी होते असं समजू नका, फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, पण भरायला अडलं तर ओटीवर कुणीतरी शिकवणारं असतं.

मार्क द्यायचे तर कनेक्शनला पाचपैकी तीन. स्पीड पुरेसा आहे, पैसे वाटून घेतले तर परवडतात, पण पावसाळ्यात भरवसा नाही आणि तक्रार ऐकणारं माणूस जवळ नाही, शेतकऱ्याला नेमकी पावसाळ्यातच गरज असते तेव्हा दोन मार्क त्याचे गेले. वापराला माझे पाचपैकी पाच, पण ते कंपनीचे नाहीत, भाऊजींचे, आईंचे आणि त्या वहीचे आहेत. नुसतं कनेक्शन घेऊन देणार असाल आणि गावी ते चालवणारं, चार लोकांना बोलावून दाखवणारं कुणी नसेल तर मी घ्या म्हणणार नाही, पोरांचे रिल्स होतील आणि वर्षाने बंद कराल.

आम्ही मागच्या रविवारी डिलाईल रोडला बसून पुढच्या वर्षाचे पैसे भरले. ज्या काकांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला होता त्यांनी या वेळी ३० च्या जागी ५० दिले आणि म्हणाले खालच्या वाडीचं काय, त्यांच्याही काजूला रोठा आहे. खालची वाडी आमच्या घरापासून सरळ रेषेत साधारण ७० मीटर, मधे ओढा आणि बांबूचं बेट. केबल ओढ्यावरून नेऊन तिथल्या मारुतीच्या देवळाच्या पडवीत वायफायचा दुसरा पॉईंट (एक्सेस पॉईंट म्हणतात तो) लावायचा विचार आहे, देवळात लाईट आहे आणि बायाही निवांत येऊन बसतात. शनिवारी मी परत लॅमिंग्टन रोडला जातेय. बाहेर लावायचा, चार महिने कोकणातला पाऊस खाऊनही टिकलेला असा एक्सेस पॉईंट तुमच्यापैकी कुणी स्वतः वापरला असेल तर मॉडेल आणि किंमत सांगा, आणि केबल उघड्यावर किती वर्षं टिकली तेही.